रफी हवा, रफीक नको?

31 जुलै जवळ आला की आमच्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात मोहम्मद रफींची आठवण निघते. 1980 साली याच तारखेला रफीसाहेब गेले. कुठे एखाद्या हॉलमध्ये कराओके क्लबचा कार्यक्रम होतो, कुठे सोसायटीच्या आवारात खुर्च्या मांडल्या जातात, फोटोला हार घातला जातो. आम्ही रफीसाहेबांचे जुने चाहते. त्यामुळे बोलावणं असो वा नसो, जाऊन मागच्या रांगेत बसतो.

गेल्या वर्षी बदलापूरच्या अशाच एका कार्यक्रमात एक निवृत्त गृहस्थ फार मनापासून गायले. सूर पक्का होता, उर्दू शब्दांवर मेहनत घेतलेली दिसत होती. आम्ही पुढे होऊन दाद दिली, नाव सांगितलं. ते खूश होऊन म्हणाले, "वा सर! तुमच्या लोकांच्या तर रक्तातच संगीत असतं!"

त्यांनी आम्हांला ओळखलं नव्हतं. आम्ही मात्र ओळखलं होतं. तीनच आठवड्यांपूर्वी त्यांच्या इमारतीत आम्ही भाड्याची जागा पाहायला गेलो होतो. जागा पसंत पडली, भाडं ठरलं, डिपॉझिटही ठरलं. मग सोसायटीच्या कमिटीसमोर नाव सांगायची वेळ आली. त्या टेबलाशी हेच गृहस्थ बसले होते. दुसऱ्या दिवशी निरोप आला की मालकांचा विचार बदलला. एजंट बिचारा प्रामाणिक होता. म्हणाला, "सर, तुम्ही शिक्षक, माणूस चांगले. पण त्या सोसायटीत चालत नाही." काय चालत नाही, हे त्याने सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. आमच्या समाजातल्या माणसाला ते विचारावं लागत नाही.

म्हणजे रफी हवा, रफीक नको. भिंतीवर फोटो चालेल, भिंतीपलीकडे बिऱ्हाड चालणार नाही!

हे वाचून आमचे मोहल्लेवाले खूश होतील. "बघा, आम्ही म्हणतच होतो," असं म्हणतील. त्यांना आमची विनंती आहे की थोडं थांबावं. आमचं भांडण दोन्हीकडच्या चाहत्यांशी आहे, आणि घरचं भांडण आधी मांडणं हे शिक्षकाचं काम आहे.

आमचं बालपण उल्हासनगरच्या कॅम्पात गेलं. फाळणीनंतर सिंधमधून उजाडून आलेल्या लोकांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि 1949 साली तिचं नाव उल्हासनगर झालं. त्या गल्ल्यांतल्या एका सिंधी चाचांच्या कॅसेटच्या दुकानात आमचे कान तयार झाले. अब्बा पगाराच्या दिवशी कोरी कॅसेट घेऊन जायचे, चाचा तीत गाणी भरून द्यायचे. फीत अडकली की पेन्सिल घालून ती गुंडाळायची, हे आम्ही पाढे पाठ होण्याआधी शिकलो. रफी मोठा की किशोर, यावर गल्लीत मारामाऱ्या व्हायच्या, पण त्या हिंदू-मुसलमान अशा नव्हत्या. आमचा सख्खा भाऊ किशोरवाला आणि चाचांचा मुलगा रफीवाला! चाचा स्वतः देश सोडून आलेले, सगळं गमावलेले. पण रफीसाहेबांच्या आवाजाला त्यांनी कधी धर्म लावला नाही आणि अब्बांना उधारीही नाकारली नाही.

आता आमच्या शाळेचं सांगतो. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. सातवीत एक मुलगा होता. अभ्यासात बेताचा, मराठीच्या तासाला तर मान खाली घालूनच बसायचा. पण गळा असा की ऐकणाऱ्याने हातातलं काम ठेवावं. रफीसाहेबांनी मराठीतही गाणी गायली आहेत, हे आम्ही त्याला सांगितलं तेव्हा त्याचा विश्वास बसेना. श्रीकांत ठाकरे यांचं संगीत आणि वंदना विटणकर यांचे शब्द असलेलं एक गाणं आम्ही त्याला मोबाईलवर ऐकवलं. माणसा, देवळात काय शोधतोस, देव तुझ्याच आत आहे, असा त्या गाण्याचा आशय. मुलाने ते आठ दिवसांत पाठ केलं. स्नेहसंमेलनात ते म्हणायचं ठरलं.

मग चर्चा सुरू झाली. एक पालक म्हणाले, "सर, गाना-बजाना बच्चों को मत सिखाओ, हराम है." एक सहकारी म्हणाले, "गाण्यात देऊळ येतं, उगाच चर्चा होईल." आणखी एकाने सुचवलं, "नज़्म घ्या, हम्द घ्या, गाणं कशाला?" शेवटी कार्यक्रमपत्रिकेतून ते गाणं गळलं. मुलाने काही विचारलं नाही, फक्त तालमीला येणं बंद केलं. पुढच्या वर्षी त्याने शाळाही सोडली. तो आता जीन्सच्या कारखान्यात धागे कापतो. गाणं गायला मिळालं असतं तर तो शाळेत टिकला असता, असा दावा आम्ही करत नाही. पण शाळेत त्याला मान वर करून उभं राहता आलं असतं असा एकच दिवस होता, तो आम्ही त्याच्याकडून काढून घेतला. 'आम्ही' म्हणतो, कारण त्या बैठकीत आम्हीही गप्प बसलो होतो.

जे पालक हराम म्हणाले, त्यांच्या मोठ्या मुलाच्या वलीम्यात आम्ही जेवलो आहोत. तिथे डीजे इतका जोरात होता की शेजारच्याशी बोलता येत नव्हतं. ज्यांनी नज़्म सुचवली, ते स्टाफरूममध्ये वह्या तपासताना रफीसाहेबांचीच गाणी गुणगुणतात. जो माणूस श्रद्धेने संगीत ऐकत नाही, घरी नाही आणि लग्नातही नाही, त्याच्यापुढे आम्ही मान झुकवतो. त्याच्याशी आमचा वाद नाही. वाद आहे तो स्वतः ऐकून मुलांचं तोंड बंद करणाऱ्यांशी.

आम्ही मुफ्ती नाही, फतवा देणं आमचं काम नाही. पण या प्रश्नावर इस्लामी परंपरेत एकच मत कधीच नव्हतं, एवढं वाचनातून कळतं. इमाम गझालींनी आपल्या 'इह्या'मध्ये समावर म्हणजे श्रवणावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. काय ऐकावं, कोणी ऐकावं, कोणत्या हेतूने ऐकावं, याचा त्यांनी बारकाईने विचार केला. चिश्ती सूफींनी समा जपला. लांब कशाला, आमच्याच अंबरनाथ तालुक्यात मलंगगडावर हाजी मलंग बाबांचा दर्गा आहे. माघी पौर्णिमेच्या उरुसाला तिथे कव्वाली होते आणि दर्ग्याची वंशपरंपरागत वहिवाट केतकर नावाच्या ब्राह्मण घराण्याकडे आहे. त्या डोंगरावरून 1980च्या दशकापासून वाद पेटले, घोषणा झाल्या. पण गड चढताना कव्वालीवर मान डोलावणाऱ्याला अजून तरी कोणी जात विचारलेली नाही. आणि कव्वाली फक्त मुसलमानांची राहिली आहे कुठे? विठ्ठलाची, गणपतीची, बाबासाहेबांची गाणी घरोघरी पोचवणाऱ्या प्रल्हाद शिंदे यांनी कव्वालीही गायली. आंबेडकरी वस्त्यांतून कव्वालीचे सामने रात्र-रात्र रंगले. आमची चीज दुसऱ्यांनी डोक्यावर घेतली आणि आम्ही मात्र तिला शाळेच्या फाटकाबाहेर उभं करतो.

बी.एड.ला आम्हांला एक सूत्र शिकवलं होतं: ज्ञाताकडून अज्ञाताकडे. उर्दू शाळेतल्या मुलाला रफी ज्ञात आहे आणि मराठी अज्ञात. महाराष्ट्रात 2020च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. आमच्या शाळांत ती आधीपासूनच आहे. पण सक्तीने तास भरतो, जीभ वळत नाही. उर्दू लिपीत 'ळ' नाही आणि 'ण'साठीही वेगळं अक्षर नाही. गंमत अशी की चाचांच्या सिंधीत, अरबी वळणाच्या लिपीतच, 'ण' आहे. 'ळ' मात्र तिच्यातही नाही. मग रफीसाहेबांनी 'राऊळी' कसं उच्चारलं असेल? त्यांना मराठी येत नव्हती. श्रीकांत ठाकरे उर्दू जाणत होते आणि मराठी शब्द त्यांना उर्दू लिपीत लिहून देत, अशी आठवण सांगितली जाते. जे लिपीत मावलं नाही, ते कानाने घेतलं असणार. पुन्हा पुन्हा ऐकून, पुन्हा पुन्हा म्हणून.

मराठी शिकवण्याचा याहून चांगला पाठ आम्हांला कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडलेला नाही. त्या सातवीतल्या मुलाने आठ दिवसांत 'ळ' कमावला होता. आमच्या दोन वर्षांच्या तासांनी तो आला नव्हता. मराठी येत नाही म्हणून नोकरीच्या रांगेत मागे राहणारी मुलं आमचीच आहेत. त्यांच्या हातात असलेली ही किल्ली काढून घेणारेही आपणच आहोत, हे मोहल्ल्याने एकदा मान्य करावं.

आता पुन्हा बदलापूरच्या त्या गृहस्थांकडे वळतो. "रक्तातच संगीत असतं," हे त्यांचं वाक्य कौतुकाचं होतं, पण ते आम्हांला खुपलं. रक्तात काही नसतं. लाहोरला घरच्या न्हाव्याच्या दुकानात काम करणारा एक मुलगा पंडित जीवनलाल मट्टू आणि उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे शिकला, मुंबईत धक्के खाल्ले, तेव्हा मोहम्मद रफी झाला. रक्त म्हटलं की मेहनत पुसली जाते आणि माणूस पुन्हा जमातीत ढकलला जातो. ज्या रक्ताची स्टेजवर स्तुती होते, त्याच रक्ताची कमिटीच्या टेबलावर अडचण होते.

याच स्तुतीचा आणखी एक प्रकार आहे. आम्हांला कार्यक्रमांना बोलावतात ते मुशायऱ्याच्या निवेदनाला नाहीतर कव्वालीच्या परिचयाला. शाहीर अमर शेखांवर बोला, असं कोणी म्हणत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्या आवाजाने मैदानं पेटली, ते अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. त्यांचा डफ महाराष्ट्राचा आणि आम्ही मात्र भाड्याच्या जागेपुरतेसुद्धा महाराष्ट्राचे नाही, हा हिशेब जुळत नाही.

कोणी म्हणेल, गाण्याचा आणि घराचा संबंध काय? आवडीने गाणं ऐकावं, घर देणं-न देणं ही ज्याची त्याची मर्जी. आमचं म्हणणं असं की आवड ही फुकटची चीज नाही. बी.एड.ला असताना आम्ही सकाळच्या लोकलने मुंबईकडे जात असू. बदलापूरहून भरून आलेल्या त्या डब्यात भजनी मंडळ असायचं. टाळ वाजायचे, अभंग चालायचे. उल्हासनगरला आम्ही कसेबसे आत शिरलो की त्यातला एखादा काका सरकून चौथी सीट द्यायचा. टोपी पाहून कोणी टाळ थांबवले नाहीत. आम्हीही कानांत बोटं घातली नाहीत, उलट दोन-चार अभंग आपोआप पाठ झाले. पाय ठेवायला जागा नसलेल्या डब्यात आम्हांला जागा मिळत होती. मग बदलापूरला लिफ्ट असलेल्या, निम्म्या रिकाम्या इमारतीत ती का मिळत नाही? तेच काका संध्याकाळी घरी पोचल्यावर कमिटीचे सभासद होतात तेव्हा त्यांचं काय बदलतं?

रफीसाहेबांची कबर जुहूच्या कब्रस्तानात होती. 2010 मध्ये दफनाला जागा अपुरी पडू लागली म्हणून ती हटवली गेली. आता चाहते जवळच्या नारळाच्या झाडावरून ती जागा ओळखतात आणि तिथे फुलं ठेवतात. त्यांत सगळ्या धर्मांचे लोक असतात. हे ऐकून आम्हांला बरं वाटतं आणि वाईटही वाटतं. मेलेल्या रफीला शोधत इतक्या लांब जाणाऱ्यांना दारात उभा असलेला जिवंत रफीक दिसू नये?

म्हणून येत्या 31 जुलैला आमच्या दोन मागण्या आहेत. पहिली आमच्याच लोकांकडे. त्या दिवशी आमच्या वर्गात मुलं-मुली रफीसाहेबांचं मराठी गाणं म्हणतील. ज्यांना ऐकायचं नाही त्यांनी ऐकू नये, पण म्हणणाऱ्याला अडवू नये. या वेळी आम्ही गप्प बसणार नाही. त्या मुलालाही कारखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून ये, असा निरोप धाडला आहे. तो येईल की नाही, माहीत नाही. न आला तरी त्याचा राग रास्त आहे.

दुसरी मागणी कराओकेवाल्या मित्रांकडे. तुमचा सूर सच्चा आहे, तो तसाच राहो. हार घालू नका, आमच्या रक्ताचं कौतुकही करू नका. सोसायटीच्या पुढच्या सभेत एकदा उभे राहा आणि म्हणा की नाव विचारून जागा नाकारायची पद्धत आपण बंद करू या. हे म्हणायला फार वरचा सूर लागत नाही.