तपासणीची तारीख कोण ठरवतो?

अणुभट्टीची तपासणी हा शास्त्रज्ञांचा विषय आहे, आंबेडकरी चळवळीने त्यात कशाला पडायचे? हा प्रश्न बाहेरचे लोक विचारतात तेव्हा नवल वाटत नाही. पण आपल्यातलेही विचारतात, म्हणून हा लेख.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि देशाच्या वीजधोरणाची पायाभरणी त्यांच्या हातून झाली. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय उद्योगीकरण नाही आणि उद्योगीकरणाशिवाय गरिबी हटणार नाही, ही मांडणी त्यांनी १९४३ मध्येच केली होती. तेव्हा आम्ही विजेच्या विरोधात नाही आणि विज्ञानाच्या तर मुळीच नाही. आमचा प्रश्न सत्तेचा आहे. भट्टी तपासायची की नाही, कधी तपासायची, आणि तपासणीत जे दिसले ते लोकांना सांगायचे की नाही, हे ठरवणारा माणूस कोणाचा मिंधा आहे?

हा प्रश्न हवेतला नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ईरी सरोवराच्या काठावर डेव्हिस-बेसी नावाचे अणुवीज केंद्र आहे. तिथे काय घडले ते प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावे.

सतरा सेंटिमीटर पोलाद खाल्ले गेले

अणुभट्टीचे मुख्य पात्र म्हणजे जाड पोलादाची एक प्रचंड टाकी. आत इंधन आणि उकळत्या पाण्याहून कितीतरी तप्त पाणी असते. दाब हवेच्या दाबाच्या सुमारे १५० पट. टाकीवर पोलादाचे झाकण असते आणि झाकणातून नळ्या आत जातात, ज्यांतून भट्टी थांबवणारे नियंत्रण-दांडे खालीवर होतात. या पाण्यात बोरिक अॅसिड असते. नळीला तडा गेला की पाणी झिरपते, अॅसिड साठते आणि पोलाद कुरतडू लागते.

२००१ साली दक्षिण कॅरोलिनातल्या ओकोनी केंद्रात या नळ्यांना धोकादायक आडवे तडे सापडले. अमेरिकेच्या न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशनने, म्हणजे एनआरसीने, ऑगस्ट २००१ मध्ये अशा धोक्याच्या केंद्रांना सांगितले की ३१ डिसेंबरपर्यंत तपासणी करा. डेव्हिस-बेसी चालवणाऱ्या फर्स्टएनर्जी कंपनीने मुदत मागितली. आमची इंधन बदलण्याची ठरलेली सुट्टी मार्च २००२ अखेर आहे, तेव्हा पाहू. मधेच भट्टी बंद केली तर नुकसान होते.

एनआरसीच्या अधिकाऱ्यांनी भट्टी बंद करण्याच्या आदेशाचा मसुदाही तयार केला होता. तो निघाला नाही. तडजोड झाली १६ फेब्रुवारी २००२ या तारखेवर.

मार्चमध्ये झाकणात अननसाएवढा खड्डा सापडला. सुमारे १७ सेंटिमीटर जाडीचे पोलाद अॅसिडने आरपार खाल्ले होते. उरला होता आतला स्टेनलेस स्टीलचा पातळ थर, सेंटिमीटरपेक्षाही कमी जाडीचा. हा थर गंज रोखण्यासाठी असतो, दाब पेलण्यासाठी नाही. तो फुगला होता. तो फुटला असता तर तप्त पाणी झाकणातून बाहेर उसळले असते.

आणि हे अचानक झाले नव्हते. पोलाद वर्षानुवर्षे सडत होते. भट्टीच्या इमारतीतल्या हवा तपासणाऱ्या यंत्रांचे फिल्टर गंजाच्या कणांनी भरत होते आणि पुन्हा पुन्हा बदलावे लागत होते. २००० साली काढलेल्या छायाचित्रात झाकणावरून ओघळलेला लाल गंज स्पष्ट दिसतो. झाकण नीट पाहता आणि धुता यावे म्हणून मोठी भोके पाडण्याचा प्रस्ताव नव्वदच्या दशकापासून पडून होता. दरवेळी तो पुढे ढकलला गेला.

आधी पुरावा आणा, मग तपासू

एनआरसीच्याच महानिरीक्षकाने चौकशी केली. डिसेंबर २००२ च्या अहवालात त्याने लिहिले की मुदत देण्यामागे कंपनीचे आर्थिक नुकसान कमी करण्याचा विचार मोठ्या प्रमाणात होता. दुसरा निष्कर्ष त्याहून बोलका आहे. भट्टी बंद करायची तर धोका असल्याचा पक्का पुरावा हवा, असा अवाजवी निकष नियामकाने स्वतःच स्वतःवर लादून घेतला होता.

वाचकहो, ही युक्ती ओळखीची वाटते ना? पुरावा तपासणीतूनच मिळणार आहे आणि तपासणी करण्यासाठीच आधी पुरावा मागायचा! २० मार्च २०१८ च्या निकालाने अॅट्रॉसिटीच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची पाचर मारली होती, ती याच जातीची. पीडिताने आधी सिद्ध करायचे आणि मगच यंत्रणा हलणार. त्या निकालाविरुद्ध २ एप्रिलला देशभर आपली माणसे रस्त्यावर उतरली, संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला. संशयाचा फायदा नेहमी बलवानाला आणि सिद्ध करण्याचा बोजा नेहमी दुबळ्यावर, हा नियम गावच्या चावडीवरही चालतो आणि अणुभट्टीच्या झाकणावरही.

मग शिक्षा कोणाला झाली? एनआरसीने २००५ मध्ये कंपनीला ५४.५ लाख डॉलर दंड केला. २००६ मध्ये कंपनीने कर्मचाऱ्यांनी सरकारला जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे मान्य केले आणि २ कोटी ८० लाख डॉलर भरून खटला टाळला. न्यायालयात दोषी ठरले केंद्रातले दोन माजी कर्मचारी. वरच्या मजल्यावरचा कोणीही नाही.

२०१९ मध्ये याच केंद्राला आणि ओहायोतल्या दुसऱ्या एका अणुवीज केंद्राला वीजग्राहकांच्या पैशातून वाचवणारा कायदा झाला. त्यासाठी सुमारे ६ कोटी डॉलरची लाच दिली गेली होती. ओहायो विधानसभेचा माजी सभापती २०२३ मध्ये त्यासाठी २० वर्षे तुरुंगात गेला. तपासणीला भट्टी थांबवायला पैसा नाही, पण सभापती विकत घ्यायला आहे!

आपल्याकडे काय?

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. एनआरसी हा कायद्याने स्थापन झालेला नियामक आहे. अणुऊर्जेचा प्रसार करणारा आणि तिच्यावर नजर ठेवणारा एकच नको, म्हणून १९७४ च्या कायद्याने अमेरिकेने जुना अणुऊर्जा आयोग मोडून तो वेगळा काढला. तरीही तो वाकला. पण तो वाकला हे जगाला कळले, कारण त्याच्यावर नजर ठेवणारा महानिरीक्षक होता आणि कागद बाहेर आले.

भारतात अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये सरकारी आदेशाने जन्माला आले. ते अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी. आयोगाचा अध्यक्ष हाच अणुऊर्जा विभागाचा सचिव. आणि भट्ट्या चालवणारे न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन याच विभागाच्या हाताखाली. म्हणजे पहारेकऱ्याने तक्रार करायची ती वाड्याच्या मालकाकडे.

हे आम्ही म्हणत नाही, कॅग म्हणतो. २०१२ च्या अहवालात कॅगने या मंडळाला दुय्यम कार्यालयाचा दर्जा असल्याचे नोंदवले, आणि नियम मोडल्याबद्दलचा दंड जास्तीत जास्त ५०० रुपये असल्याचेही! कॅग हा राज्यघटनेतला बहुधा सर्वात महत्त्वाचा अधिकारी आहे, असे बाबासाहेबांनी ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले होते. त्याचे स्वातंत्र्य न्यायसंस्थेइतके भक्कम हवे आणि त्याचा कर्मचारीवर्ग त्याच्याच हाती हवा, हा त्यांचा आग्रह होता. बाबासाहेबांना ठाऊक होते की स्वातंत्र्य माणसाच्या चांगुलपणावर टिकत नाही. ते नेमणूक, पगार आणि बडतर्फी कोणाच्या हाती आहे यावर टिकते.

आणि कागद? १९९५ मध्ये मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. ए. गोपालकृष्णन यांच्या कारकिर्दीत अणुप्रकल्पांतल्या सुरक्षा-त्रुटींचा अहवाल तयार झाला. तो गोपनीय ठेवला गेला. पीयूसीएल न्यायालयात गेली आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही गोपनीयता मान्य केली.

२०११ चे नवे नियामक विधेयक लोकसभेबरोबर बरखास्त झाले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने शांती कायदा केला. मंडळाला अखेर वैधानिक दर्जा मिळाला, पण त्याच कायद्याने खाजगी कंपन्यांनाही दार उघडले. आता तपासणी पुढे ढकला म्हणणारा फक्त सरकारी सचिव नसेल, नफ्याचा हिशेब मांडणारा भांडवलदारही असेल. डेव्हिस-बेसीचा धडा हाच आहे की नुसता वैधानिक दर्जा पुरत नाही.

“अपघात तर झाला नाही ना?”

हा युक्तिवाद लगेच येईल. डेव्हिस-बेसीतही झाला नाही, कारण सेंटिमीटरभर पत्रा टिकला. ज्या सुरक्षेला नशिबाचा आधार लागतो ती सुरक्षा नव्हे. गुजरातच्या काक्रापारमध्ये ११ मार्च २०१६ रोजी पहिल्या भट्टीची शीतक नलिका फुटून गळती झाली आणि भट्टी बंद करावी लागली. नलिका बाहेरून गंजली होती. गंजाला देशभक्ती कळत नाही.

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ च्या. भट्टीतले न्यूट्रॉन पोलादाला वर्षागणिक ठिसूळ करतात आणि मुख्य पात्र नळासारखे बदलता येत नाही. म्हणून जुन्या भट्टीची तपासणी हाच तिच्या जगण्याचा परवाना असायला हवा. तिच्या भोवती कोण राहते? मच्छीमार, आदिवासी, आणि तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी ज्यांची गावे उठवली ते पोफरण-अक्करपट्टीचे लोक. आत सफाईला उतरणाऱ्या ठेकेदारी कामगारांच्या यादीत कोणाची नावे असतात, हे आपल्या वस्त्यांना सांगायला नको. निर्णय वरच्यांचा आणि किरणोत्सार खालच्यांचा, ही अणुयुगातली वर्णव्यवस्था आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. नियामकाची निवड अणुऊर्जा विभागाच्या सावलीबाहेर, विरोधी पक्षाच्या सहभागाने व्हावी. प्रत्येक भट्टीच्या तपासणीची तारीख, निष्कर्ष आणि दिलेली प्रत्येक मुदतवाढ कारणासह, मराठीसह स्थानिक भाषेत प्रसिद्ध व्हावी. तपासणी टाळायची असेल तर भट्टी सुरक्षित आहे हे कंपनीने सिद्ध करावे, धोका आहे हे लोकांनी नव्हे. ठेकेदारी कामगाराच्या किरणोत्साराची नोंद त्याच्या हातात असावी आणि धोक्याचे काम नाकारल्याबद्दल त्याची रोजी जाऊ नये.

यात देशाचे कोणते गुपित फुटते? फुटेल ते फक्त पहारेकरी आणि मालक यांच्यातले संगनमत. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, यात आता एक काम जोडा: तपासणीचे कागद मागा.

जय भीम! जय संविधान!