मुष्टियोद्ध्यांनी लोखंड उचलावे काय?

देगलूर : देगलूरपासून निजामाबाद शंभर किलोमीटरही दूर नाही. मध्ये राज्याची सीमा आहे एवढेच. त्याच निजामाबादने देशाला निखत झरीन दिली. २०२२ मध्ये इस्तंबूल आणि २०२३ मध्ये नवी दिल्ली येथे तिने जागतिक अजिंक्यपद पटकावले. त्याच गावचा महंमद हुसामुद्दीन २०१८ आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांत कांस्यपदकाचा मानकरी ठरला. त्यांच्याकडे पाहून सीमेच्या अलीकडचा एखादा मुलगा वा मुलगी हातमोजे चढवायचे ठरवते, तेव्हा पहिल्याच महिन्यात एक प्रश्न समोर येतो. जिममध्ये जाऊन वजने उचलावीत की त्यापासून दूर राहावे?

या प्रश्नाचे जुने उत्तर ठाम नकाराचे होते. लोखंड उचलले की अंग बांधले जाते, खांदे जखडतात, ठोसा मंदावतो, असे वस्ताद सांगत. धावणे, दोरीवरच्या उड्या, बॅगवरचा सराव आणि सहकाऱ्यासोबतची झुंज एवढ्यावर मुष्टियोद्धा घडतो, ही समजूत केवळ आपल्याकडची नव्हती. विसाव्या शतकाचा बराच काळ अमेरिकेतील व्यावसायिक मुष्टियुद्धातही तीच प्रचलित होती.

समजुतीला तडा

या समजुतीला मोठा धक्का बसला तो १९८५ मध्ये. लाइट हेवीवेट गटातील मायकेल स्पिंक्सने नव्या पद्धतीच्या तयारीने वजन वाढविले आणि हेवीवेट गटाचा अजिंक्यवीर लॅरी होम्सला पराभूत केले. पाठोपाठ इव्हांडर होलीफिल्डनेही १९८८ मध्ये वरच्या गटात प्रवेश करताना भारव्यायामाचा आधार घेतला आणि ऑक्टोबर १९९० मध्ये बस्टर डग्लसला तिसऱ्या फेरीतच गारद करून हेवीवेट अजिंक्यपद मिळविले. वजने उचलणारा मुष्टियोद्धा मंदावतोच, हा समज तेथे उघडा पडला.

मात्र या दोन्ही उदाहरणांचा आपल्या मुलांना जसाच्या तसा उपयोग नाही. स्पिंक्स आणि होलीफिल्ड यांना वजन वाढवायचेच होते. हौशी स्पर्धेतील खेळाडूची अडचण नेमकी उलटी असते. त्याला ठराविक वजनगटात राहून ताकद वाढवायची असते. त्यामुळे खरा प्रश्न असा, की वजन न वाढता ताकद वाढते काय?

ठोसा पायातून निघतो

याचे उत्तर शोधण्यापूर्वी ठोशाची ताकद कोठून येते हे पाहावे लागेल. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सोव्हिएत संशोधनात निरनिराळ्या दर्जाच्या मुष्टियोद्ध्यांच्या ठोशाचे मोजमाप करण्यात आले. उच्च दर्जाच्या खेळाडूंत ठोशाच्या एकूण जोरापैकी सुमारे ३८ टक्के वाटा पायांचा, ३७ टक्के धडाच्या वळणाचा आणि केवळ २४ टक्के हाताचा आढळला. खालच्या दर्जाच्या खेळाडूंत पायांचा वाटा जेमतेम १६ टक्के आणि हाताचा ३८ टक्के होता. म्हणजे कसलेला खेळाडू जमिनीला रेटून मारतो, नवखा नुसत्या हाताने मारतो.

म्हणूनच आरशासमोर दंड फुगविणाऱ्या व्यायामाचा मुष्टियोद्ध्याला फारसा लाभ नाही. त्याला हवे आहेत ते स्क्वॉट आणि डेडलिफ्टसारखे पाय, कंबर व पाठ यांना एकत्र कामाला लावणारे व्यायाम, पुलअप आणि मेडिसिन बॉल वेगाने फेकण्याचा सराव. जड वजन, तीन ते पाच आवर्तने, मध्ये दोन-तीन मिनिटांची पूर्ण विश्रांती, आठवड्यातून दोन दिवस, अशी मांडणी असली, की स्नायूंचा आकार फारसा न वाढता मज्जासंस्था अधिक स्नायुतंतूंना एकाच वेळी कामाला लावण्यास शिकते. भारव्यायामाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः याच मार्गाने येते. उलट दहा-बारा आवर्तनांचे अनेक सेट आणि भरपूर खुराक हा शरीरसौष्ठवाचा मार्ग आहे. त्याने काटा पुढे सरकतो.

आणि काटा पुढे सरकण्याची किंमत मोठी असते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० किलो गटात निखत चीनच्या वू यूकडून पराभूत झाली. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी दोन दिवस अन्न घेतले नव्हते, असे तिने लढतीनंतर सांगितले. त्याच ऑलिंपिकमध्ये कुस्तीगीर विनेश फोगट अवघ्या १०० ग्रॅमने अंतिम लढतीला मुकली. ज्या खेळात ग्रॅमचा हिशेब होतो, तेथे निरुपयोगी मांस चढविणे परवडत नाही.

आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. हौशी लढत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते. शेवटच्या फेरीत दम टिकला नाही, तर ताकद असून उपयोग नसतो. भारव्यायाम हा तंत्र आणि दमसास यांना पूरक आहे, त्यांचा पर्याय नव्हे. झुंजीच्या सरावाच्या दिवशी पाय थकवून टाकणारा व्यायाम केल्यास दोन्ही बिघडतात.

तालमीला हे नवे नाही

मराठवाड्याला या गोष्टी सर्वस्वी परक्या नाहीत. १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणारे लातूर जिल्ह्याचे हरिश्चंद्र बिराजदार तालमीच्या मातीतच घडले. जोर-बैठकांसोबत मुद्गल, गदा आणि दगडी नाल ही तालमीची साधने म्हणजे भारव्यायामच होता. गदा फिरविताना कंबर आणि खांदे एका लयीत वळतात. ठोशालाही तेच वळण लागते. फरक इतकाच, की तालमीत साधनासोबत वस्ताद होता. आज तालुक्याच्या गावी लोखंड मिळते, वस्ताद मिळत नाही.

धोका येथेच आहे. मुष्टियुद्धाचा गंध नसलेल्या जिममध्ये गेलेल्या मुलाला शरीरसौष्ठवाचे वेळापत्रक दिले जाते, वर पावडरचा डबा सुचविला जातो. डब्यात काय आहे हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही ठाऊक नसते. २०२३ च्या जागतिक आकडेवारीत पाच हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांमध्ये उत्तेजकांसाठी दोषी नमुन्यांचे सर्वाधिक प्रमाण, ३.८ टक्के, भारताचे होते. त्या यादीत जाण्याची वाट अशा डब्यातूनही निघते.

वाढत्या वयात वजने उचलल्याने उंची खुंटते, ही भीती मात्र निराधार आहे. जाणकाराच्या देखरेखीखाली, आधी स्वतःच्या शरीराचे वजन, मग हलके वजन आणि अचूक ढब या क्रमाने गेल्यास कुमारवयीन खेळाडूंनाही भारव्यायाम मानवतो. अट देखरेखीची आहे आणि नेमकी तीच तालुक्यात पूर्ण होत नाही.

तेव्हा मुष्टियोद्ध्याने लोखंड उचलावे, पण ते ताकदीसाठी, आकारासाठी नव्हे. त्यासाठी नवी यंत्रे घेण्याआधी माणूस तयार करणे अगत्याचे आहे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालतो. प्रत्येक तालुक्यातून एक क्रीडाशिक्षक किंवा तालमीचा एक जाणता मल्ल तेथे पाठविण्याचा खर्च एखाद्या महागड्या ट्रेडमिलपेक्षा जास्त असणार नाही. क्रीडा संकुलाच्या अंदाजपत्रकात यंत्रांची यादी दरवेळी असते. त्या यादीच्या वर प्रशिक्षकाचे नाव यायला हवे.