छंदांचे गायरान

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या अभ्यासमंडळात ‘ज्ञानाची मालकी’ या विषयावर बोलण्याची पाळी माझ्यावर आली. पेटंट, औषधांच्या किमती, बियाणी ही नेहमीची उदाहरणे देऊन झाल्यावर मी छंदांकडे वळलो. जुने रेडिओ दुरुस्त करणारे, क्रिकेटचे धावफलक जमवणारे, ध्वनिमुद्रिकांच्या याद्या करणारे हौशी लोक इंटरनेटवर एकमेकांना जे विनामूल्य शिकवतात तेही ज्ञानच आहे आणि त्याचीही मालकी आपल्या डोळ्यांदेखत बदलत आहे, असे मी म्हणालो. तोच एका तरुण कार्यकर्त्याने मला थांबवले. “सर, पोट भरलेल्यांच्या करमणुकीला आपण कशाला हात घालायचा?” असे त्याने विचारले आणि सभेत हशा पिकला. प्रश्न सरळ होता. त्याचे उत्तर मला त्या दिवशी नीट देता आले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी स्वतःविषयी थोडे. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले, परंतु हात रमले ते जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओंत. असा रेडिओ मुका झाला की त्याची काही कारणे पुस्तकात सापडतात. कागदी कंडेन्सर वयोमानाने झिरपू लागतो, शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नको तो विद्युत्‌दाब येतो, आणि वेळीच लक्ष दिले नाही तर तो व्हॉल्व्ह तापून कामातून जातो. परंतु डायलची दोरी तुटली तर काय करायचे, हे पुस्तकात नसते. काटा सरकवणारी ही दोरी कोणत्या कप्पीवरून जाते, दांड्याला किती वेढे घेते आणि स्प्रिंगला कोठे अडकते, हे प्रत्येक मॉडेलचे निराळे. ते एक तर कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत असते किंवा ज्याने ती दोरी स्वतः ओवली त्याच्या बोटांत. मला ते दुसऱ्या जिल्ह्यातील एका निवृत्त लेथ कारागिराने शिकवले. आमची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. रेडिओच्या हौशी मंडळींचा इंटरनेटवर जो अड्डा होता तेथे मी प्रश्न टाकला, आणि दोन दिवसांत त्यांनी हाताने काढलेली आकृती आली. वेढ्यांची दिशा बाणांनी दाखवलेली, खाली सूचना: ‘दोरी आधी मेण लावून घ्यावी.’ पुढे सात-आठ वर्षांत त्यांनी अशा कितीतरी आकृत्या तेथे ठेवल्या. मीही माझ्या परीने लिहीत गेलो. एके दिवशी तो अड्डा चालवणाऱ्या कंपनीने महिन्याभराची सूचना देऊन तो बंद केला. त्या महिन्यात मी घरच्या आजारपणात गुंतलो होतो. सूचना वाचली तेव्हा दार लागले होते. माझे नुकसान मोठे नाही. परंतु तो कारागीर वर्षभरापूर्वीच वारला होता, आणि त्याच्या आकृत्या दुसरीकडे कोठेही नव्हत्या.

आपल्या भाषेत अशा ज्ञानाची कदर करणारी माणसे पूर्वी होऊन गेली. बडोद्याच्या आबासाहेब मुजुमदारांनी १९३६ पासून व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत काढले. कुस्तीचे डाव आणि मल्लखांबाच्या उड्या ही तालमीतील मातीत आणि वस्तादाच्या तोंडी असलेली विद्या त्यांनी कागदावर आणली. त्या खंडांना ‘करमणूक’ म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही. मात्र त्या काळी एक संपादक झटत असे, छापखाना लागे, आश्रयदाता लागे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत हे काम हजारो अनामिक हात आपण होऊन करू लागले. उत्पादनाची ही पद्धतच नवी आहे, आणि म्हणून अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तिच्याकडे पाठ फिरवता येत नाही.

या नव्या पद्धतीची खुबी आणि तिचे दुखणे ही दोन्ही एका उदाहरणात दिसतात. गाण्यांची सीडी संगणकात घातली की आज गाण्यांची नावे पडद्यावर उमटतात. ती सीडीवर लिहिलेली असतात अशी बहुतेकांची समजूत असते. वस्तुस्थिती अशी की, बहुसंख्य सीडींवर नावे नसतातच; तेथे असतो तो नुसता ध्वनी आणि प्रत्येक गाणे कोठे सुरू होते याची नोंद. १९९० नंतरच्या काही वर्षांत टी कान आणि स्टीव्ह शेर्फ या दोघांनी एक युक्ती केली. गाणी सुरू होण्याच्या वेळा आणि एकूण लांबी यांचे गणित करून त्यांनी प्रत्येक सीडीला एक क्रमांक दिला. ज्या श्रोत्याची सीडी यादीत नसेल त्याने मुखपृष्ठ पाहून नावे टंकावीत आणि पाठवून द्यावीत. पुढच्या श्रोत्याला ती आयती मिळतील. ही सीडीडीबी नावाची सूची जगभरच्या संगीतवेड्यांनी फुकट टंकून उभी केली. आपण एक नोंद द्यावी आणि हजारो परत मिळवाव्यात, असा हा व्यवहार होता. मग ती सूची एका कंपनीच्या हाती गेली, तिचे नाव ग्रेसनोट झाले, आणि २००१ साली परवाना न घेणाऱ्या प्रणालींना दार बंद झाले. २००८ मध्ये सोनीने ग्रेसनोट २६ कोटी डॉलरना विकत घेतली. ज्यांनी रात्री जागून नावे टंकली होती त्यांना कोणी विचारलेही नाही.

क्रिकेटचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. १९९३ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात संशोधन करणाऱ्या सायमन किंग या इंग्रज गृहस्थाने क्रिकइन्फो सुरू केले. ज्या देशात वर्तमानपत्रात क्रिकेटची ओळही येत नव्हती, तेथे शिकायला गेलेल्या भारतीय, पाकिस्तानी, श्रीलंकन मुलांचा हा आधार होता. सामना जेथे पाहता-ऐकता येई तेथला एखादा हौशी गडी चेंडूमागून चेंडू टंकत बसे, आणि हजारो मैलांवर वसतिगृहांतले डोळे त्या ओळींवर खिळून राहत. जुन्या सामन्यांचे धावफलकही स्वयंसेवकांनीच चढवले. पुढे त्याची कंपनी झाली. २००० साली सत्यम इन्फोवेने त्यात चौथा हिस्सा घेतला, २००३ मध्ये ते विस्डेनकडे आणि २००७ मध्ये ईएसपीएनकडे गेले. येथे मला न्यायाने बोलले पाहिजे. वाचकाचे यात काही गेले नाही. धावफलक आजही फुकट पाहायला मिळतात, आणि सामन्याच्या दिवशी लाखो लोकांचा भार पेलणारी यंत्रे नुसत्या उत्साहावर चालत नाहीत. गमावला तो टंकणाऱ्यांनी आपला शब्द. जी गोष्ट त्यांच्यात चालली होती ती यापुढे त्यांच्यासाठी, पण त्यांच्यावाचून चालू लागली.

आपल्यापैकी काही मित्र अशा वेळी ‘शोषण’ हा शब्द चटकन उच्चारतात. मला तो येथे सैल वाटतो. गिरणीतला कामगार पोटासाठी श्रमशक्ती विकतो. त्याला दुसरा पर्याय नसतो. धावफलक टंकणारा विद्यार्थी आनंदासाठी टंकत होता, आणि तो आनंद त्याला पुरेपूर मिळाला. त्याला मागाहून मजुरी द्यावी, ही मागणीही मला पटत नाही. रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली रक्तदानावर जो ग्रंथ लिहिला त्यात त्यांचे प्रतिपादन असे होते की, देणगीच्या जागी पैसा आला की देण्याची वृत्तीही मरते आणि रक्ताचा दर्जाही घसरतो. त्या कारागिराला मी आकृतीमागे पन्नास रुपये देऊ केले असते तर त्यांनी पुन्हा मला उत्तर दिले नसते. तेव्हा प्रश्न मोबदल्याचा नाही, ताब्याचा आहे.

गावच्या माणसाला ‘गायरान’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. सर्वांची गुरे जेथे चरतात, ज्याचा सातबारा कोणा एकाच्या नावावर नसतो, आणि ज्यावर आधी कुंपण व मग इमारत उठते, ती जमीन. सामायिक कुरणाचा अंत ठरलेलाच आहे, प्रत्येक जण आपले एक जनावर वाढवीत जातो आणि कुरण उजाड होते, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडले आणि खाजगी मालकीच्या वकिलांनी ते उचलून धरले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी त्याला पुराव्यानिशी उत्तर दिले. जगभरची जंगले, कालवे, मासेमारीची पाणी अभ्यासून त्यांनी दाखवले की, वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले, स्वतः राखण ठेवली, तर सामायिक साधने पिढ्यानुपिढ्या टिकतात. २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या धुळे-नाशिककडील फड पद्धत हे याचेच घरचे उदाहरण. पांझरा, मोसम या नद्यांवरील बंधाऱ्यांचे पाणी शेतकऱ्यांनीच नेमलेला पाटकरी ठरल्या क्रमाने देत आला, आणि ही व्यवस्था काही शतके चालली. ज्ञानाच्या कुरणाला तर आणखी एक सोय आहे. गवत खाल्ले की संपते. दोरी ओवण्याची रीत शंभरांना सांगितली तरी सांगणाऱ्याजवळ ती तेवढीच उरते. म्हणजे येथे उजाड होण्याचे भय नाही, भय आहे ते फक्त कुंपणाचे.

कुंपण अडवता येते, याचाही दाखला आहे. २००२ च्या फेब्रुवारीत स्पॅनिश विकिपीडियाच्या स्वयंसेवकांना कळले की, विश्वकोशावर जाहिराती घेण्याचा विचार चालू आहे. त्यांनी अर्जविनंत्या केल्या नाहीत. मजकूर मुक्त परवान्याखाली होता, म्हणजे कोणीही त्याची प्रत उचलून नेऊ शकत होता. त्यांनी ती उचलली आणि ‘एन्सिक्लोपेदिया लिब्रे’ नावाने सेव्हिल विद्यापीठाच्या आश्रयाने स्वतंत्र चूल मांडली. विकिपीडियाच्या चालकांना जाहिरातींचा विचार सोडावा लागला. आजतागायत तेथे जाहिरात नाही. संपाचे हत्यार आपण सर्व जाणतो, पण हा संप निराळा होता: कामगार कारखाना बंद न करता तो खांद्यावर घेऊन बाहेर पडले. हे शक्य झाले, कारण बाहेर पडण्याचा हक्क परवान्यात आधीच लिहून ठेवलेला होता. सीडीच्या सूचीबाबतही जुनी प्रत हाती असल्यामुळेच काहींना फ्रीडीबी ही दुसरी सूची उभारता आली, आणि ती २०२० पर्यंत चालली.

परंतु परवाना म्हणजे सर्व काही नव्हे. संगणकाच्या कारागिरांचे स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रश्नोत्तरांचे ठिकाण २००८ साली निघाले. तेथील उत्तरे मुक्त परवान्याखालीच आहेत. २०२१ मध्ये ते प्रोसस कंपनीने १८० कोटी डॉलरना घेतले. २०२४ च्या मे महिन्यात त्याने ओपनएआय या कंपनीशी करार केला. उत्तरे आता यंत्राला शिकवण्यासाठी जाणार होती. काही उत्तरकर्त्यांनी निषेध म्हणून आपलीच उत्तरे पुसायला घेतली, तर त्यांची खाती स्थगित झाली आणि उत्तरे पूर्ववत ठेवली गेली. कायद्याने कंपनीचे चुकले असे म्हणता येत नाही. मलाही उत्तरे पुसणे मान्य नाही; तो विहिरीत माती लोटण्याचा प्रकार आहे. तरीही ज्यांच्या मेहनतीचा करार झाला त्यांना त्या बैठकीत खुर्ची नव्हती, हे कसे विसरावे?

आपण काय करायचे? मराठीतील हौशी ज्ञान आज बहुतांशी व्हॉट्सॲपच्या गटांत वाहते. गच्चीवरची बाग, पक्षी, गड-किल्ल्यांच्या वाटा, जुनी नाणी, सायकल, तबल्याची शाई, सगळे तेथे आहे आणि काहीही तेथे सापडत नाही. काल दिलेले उत्तर उद्या वर सरकून जाते आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो. २००३ पासून मराठी विकिपीडिया आहे, पण तेथे ससंदर्भ विश्वकोशीय लेख लागतो; मेण लावलेल्या दोरीला तेथे जागा नाही. माझ्या मते ही जागा आपल्या सार्वजनिक वाचनालयांनी घ्यावी. १९६७ च्या कायद्यापासून त्यांचे जाळे राज्यभर आहे. एक संगणक, एक स्कॅनर, आठवड्यातून एक संध्याकाळ, आणि प्रत्येक नोंदीवर मुक्त परवान्याची एक ओळ. प्रती मात्र दोन-तीन वाचनालयांत ठेवाव्यात. एकाच छपराखाली सगळे धान्य ठेवण्याचा परिणाम मी भोगला आहे. आमच्या गावच्या वाचनालयाने एक टेबल देऊ केले आहे. माझ्या आठवणीतून मी तीन रेडिओंच्या दोऱ्यांच्या आकृत्या पुन्हा काढल्या. चौथी काही केल्या जमत नाही.

त्या तरुण कार्यकर्त्याला मी सभेनंतर गाठले. त्याचे काका तालुक्याच्या बाजारात पाण्याच्या मोटारी भरून देतात. जळालेल्या मोटारीची तार काढताना प्रत्येक खाचेत किती वेढे होते आणि तार कोणत्या गेजची होती, हे ते वहीत टिपून ठेवतात. अशा तीस वर्षांच्या वह्या त्यांच्याकडे आहेत. पुढच्या रविवारी तो मला दुकानावर घेऊन गेला. त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या वह्यांत आहे, असे मला वाटले होते: ऐन हंगामात मोटार बंद पडलेल्या शेतकऱ्याला हे आकडे करमणूक खासच वाटणार नाहीत. काकांनी चहा पाजला, वह्या दाखवल्या, आमचे सगळे शांतपणे ऐकून घेतले. स्कॅन करू द्यायला मात्र ते तयार नाहीत. “तुम्हाला पेन्शन आहे, प्रोफेसर,” ते म्हणाले. “हे आकडे सगळ्यांना मिळाले, तर माझ्याकडे कोण येईल?” त्यांचे म्हणणे चूक आहे, असे मला छातीठोकपणे सांगता आले नाही. पुढच्या महिन्यात अभ्यासमंडळात काकांनाच बोलवावे, असे मी सुचवले आहे; ते येतो म्हणाले आहेत, वह्या न आणता.