गॉडर्डने घेतलेली वसई

भाईंदरजवळच्या मोरवा गावाच्या उत्तरेस खाडी आणि खाडीच्या पैलतीरी वसईचा कोट. त्या कोटाचे नाव निघाले की आपल्या मुखी 1739 साल आणि चिमाजी अप्पा हेच येतात, आणि ते यावेत हे यथायोग्यच आहे. परंतु त्याच तटापुढे 1780 च्या नोव्हेंबरात मोर्चे बांधून डिसेंबरात तो हस्तगत करणारा इंग्रज सेनापती टॉमस गॉडर्ड आपल्या स्मृतीतून पार गळून गेला आहे. जिंकलेला वेढा तेवढा स्मरावा आणि गमावलेला सोडून द्यावा, ही इतिहासाची वाटणी मला मान्य नाही.

हा मनुष्य सामान्य नव्हता. वॉरन हेस्टिंग्जने 1778 साली काल्पीहून रवाना केलेल्या फौजेचा सरदार लेस्ली वाटेतच मरण पावल्यावर तिचे आधिपत्य गॉडर्डकडे आले, आणि बुंदेलखंड, भोपाळ, बऱ्हाणपूर असा अनोळखी मुलूख तुडवीत तो 1779 च्या आरंभी सुरतेस पोचला. तिकडे मुंबईकर इंग्रज वडगावी नामुष्कीचा तह करून नुकतेच मोकळे झाले होते. पुढे त्याने अहमदाबाद घेतले, वसई घेतली. पुणे दरबाराशी बोलणे करण्याची मुखत्यारीही त्याच्यापाशी होती, आणि नेमके तेथेच त्याचे पाणी जोखले गेले. बोरघाट चढून खंडाळ्यास तळ देऊन त्याने तहाचे बोलणे लावले. नाना फडणिसांनी त्यास भीक घातली नाही, आणि 1781 च्या एप्रिलात पनवेलकडे उतरताना हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांनी त्याच्या फौजेचे असे लचके तोडले की चारशेहून अधिक माणसे मेली वा जायबंदी झाली. तोफेने तट पाडणे त्यास साधले. नानांचे मन ओळखणे साधले नाही.

म्हणूनच 1782 च्या सालबाईच्या तहात वसई पेशव्यांकडे परत आली. खाडीच्या दक्षिणेची साष्टी मात्र, जी इंग्रजांनी 1774 च्या अखेरीस ठाणे घेऊन दाबली होती, ती त्यांच्याकडेच कायम झाली; म्हणजे आज रो-रो बोटीतून वाहनासह आपण सहज ओलांडतो ती भाईंदरची खाडी त्या काळी दोन दौलतींची सरहद्द होती. गॉडर्ड 1783 साली मायदेशी परतताना जहाजावरच वारला. त्याने घेतलेली आणि मराठ्यांनी तहात परत मिळवलेली वसई पुढे वीस वर्षे पेशव्यांकडे नांदली, आणि 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला तो तिथेच.