सुरांच्या शेजारी

निवृत्तीनंतर कुठे राहावे हे ठरवताना आपण पाणी, दवाखाना, स्टेशन पाहतो. गाणे कानी पडेल का, हे कोणी विचारत नाही. मिरजेत हे सारेच आहे. अब्दुल करीम खाँसाहेब इथे स्थायिक झाले आणि १९३७ साली इथल्याच मातीत विसावले. मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ आजही मैफली रंगतात. भोपळ्यापासून घडणाऱ्या इथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकनाने कारागिराची चूल पेटत नाही. तंबोऱ्याचा सूर आता यंत्रातूनही निघतो. खरा तंबोरा विकत घेणारा, पोरांना शिकवणीला धाडणारा, मैफलीत शेवटपर्यंत बसणारा रहिवासी हवा. संगीताचे गाव आयते मिळत नसते. तिथे राहायला जाणाऱ्यानेच ते राखायचे असते.