कॅफीन सुचवण्याआधी

मॅरेथॉनचा हंगाम आला की प्रशिक्षक, फिजिओ आणि क्रीडावैद्यक अशा आपणा सर्वांकडे एक प्रश्न हमखास येतो : शर्यतीआधी कॅफीन घेऊ का? बहुतेक वेळा आपण ‘घ्या, फायदा होतो’ एवढे सांगून मोकळे होतो. फायदा होतो हे खरेच आहे. पण समोर चाळिशी-पन्नाशीतला हौशी धावपटू असेल, तर एवढे सांगून भागत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फायद्याबद्दल वाद नाही. १९७८ मध्ये डेव्हिड कॉस्टिल आणि सहकाऱ्यांनी सायकलपटूंना ३३० मि.ग्रॅ. कॅफीन दिले, तेव्हा ते पार दमेपर्यंत सुमारे ९० मिनिटे टिकले; कॅफीनशिवाय ७५ मिनिटे. त्या वेळी याचे श्रेय स्नायूंतले ग्लायकोजेन वाचण्याला दिले गेले. आज मुख्य कारण मेंदूत शोधले जाते. श्रमाबरोबर साठणारे ॲडेनोसिन ज्या रिसेप्टरवर जाऊन थकव्याची जाणीव देते, तो रिसेप्टर कॅफीन अडवून धरते. वजनाच्या दर किलोमागे ३ ते ६ मि.ग्रॅ., शर्यतीच्या तासभर आधी, ही मात्रा पुरते. ती ९ वर नेली तर कामगिरी आणखी सुधारत नाही; हात थरथरतात, पोट बिघडते, झोप जाते. २००४ पासून ‘वाडा’च्या बंदी यादीत कॅफीन नाही, म्हणून खेळाडू त्याला औषध मानतच नाहीत. आपण तरी मानले पाहिजे.

कारण ॲडेनोसिनचे काम मेंदूपुरते नाही. हृदयाला श्रम पडले की त्याच्या धमन्या रुंदावतात, आणि त्यात ॲडेनोसिनचा वाटा असतो. ॲडेनोसिन देऊन हृदयाची स्ट्रेस टेस्ट करायची असेल, तर डॉक्टर रुग्णाचा चहा-कॉफी १२ ते २४ तास आधी बंद करतात, ते कॅफीन हा परिणामही अडवते म्हणूनच. झुरिचमधील संशोधकांनी २००६ मध्ये निरोगी स्वयंसेवकांना २०० मि.ग्रॅ. कॅफीन देऊन व्यायामाच्या वेळचा हृदयस्नायूचा रक्तप्रवाह मोजला. विश्रांतीत फरक दिसला नाही. व्यायामात मात्र रक्तप्रवाह वाढवण्याची हृदयाची राखीव क्षमता २२ टक्क्यांनी घटली, आणि सुमारे ४५०० मीटर उंचीवरच्या विरळ हवेसारख्या स्थितीत ३९ टक्क्यांनी. लेहच्या शर्यतीला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या धावपटूंना हा दुसरा आकडा आवर्जून सांगावा.

या प्रयोगातून कॉफीने हृदयविकाराचा झटका येतो, असा अर्थ कोणी काढू नये. निरोगी हृदयाकडे राखीव क्षमता भरपूर असते. प्रश्न आहे तो ज्याची एखादी धमनी निम्मी बुजली आहे आणि ज्याला त्याचा पत्ताच नाही, अशा माणसाचा. त्यातून कॅफीन थकवा झाकते. छातीतला जडपणा, नेहमीपेक्षा लवकर लागणारी धाप, ‘आज काहीतरी वेगळे वाटतेय’ ही जाणीव, यांच्या जोरावरच असा माणूस वेळेत थांबतो. रक्तप्रवाहाची मुभा कमी आणि इशाराही बोथट, हे दोन्ही एकत्र येणे आम्हाला अधिक चिंतेचे वाटते.

मात्रेचा हिशेब तर कोणीच करत नाही. ६० किलोच्या धावपटूची शर्यतीची सकाळ पाहा. घरून निघताना एक मोठा कप कॉफी, साधारण १०० मि.ग्रॅ. मग जिममधल्या मित्राने दिलेल्या प्री-वर्कआउट पावडरचा एक स्कूप. डब्यावर बारीक अक्षरात २०० मि.ग्रॅ. लिहिलेले असते. वाटेत कॅफीन असलेली दोन जेल, प्रत्येकी ५०. बेरीज ४०० मि.ग्रॅ., म्हणजे किलोमागे साडेसहाच्या वर. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढासाठी संपूर्ण दिवसाची सुरक्षित मर्यादा म्हणून सांगितलेली मात्रा हीच, आणि याने ती काही तासांत संपवली. त्याला विचारले तर तो म्हणेल, ‘एक कॉफीच घेतली होती.’

शिवाय सर्वांच्या शरीरातून कॅफीन सारख्या वेगाने निचरत नाही. कॅफीन मोडणारे यकृतातले सीवायपी१ए२ हे विकर काहींत मंद असते. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत कॅफीन जवळपास दुप्पट वेळ रेंगाळते. सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असेल तरीही ते साचते. अनुवंशाच्या चाचणीची गरज नाही. ‘संध्याकाळी कॉफी घेतली तर झोप लागते का, छाती धडधडते का?’ एवढे विचारले तरी बरेच कळते.

म्हणून आमची विनंती आहे. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान किंवा घरात कमी वयात हृदयविकार, यांपैकी काहीही असलेल्या चाळिशीपुढच्या व्यक्तीला हृदयतपासणी झाल्याशिवाय कॅफीनची मात्रा सुचवू नका. ज्यांना सुचवाल त्यांना ती किलोमागे ३ मि.ग्रॅ. किंवा त्याहून कमी ठेवून आधी सरावात घ्यायला लावा, शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा नको. सगळ्या स्रोतांची बेरीज त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. शाळकरी खेळाडूंना पावडर आणि गोळ्या देऊच नका. आणि सरावाची पुढची तुकडी सुरू होण्याआधी नोंदणी अर्जात एक रकाना वाढवा : रोज किती कॅफीन, कशातून, आणि सोबत कोणती औषधे.