शाबासकीचा शिक्का

लहान मुलांनीं लिहिलेल्या गोष्टी व कविता, त्यांनीं काढलेलीं चित्रें, यांवर वडील मंडळींनीं काय बोलावें याविषयीं आपल्याकडे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो कीं, कौतुकानें पोरें शेफारतात. मडकें वाजवून घ्यावें तसें मूल आरंभींच वाजवून घ्यावें. दुसरा म्हणतो कीं, बालमन म्हणजे उमलती कळी. तिला दोषदर्शनाची झळ लागूं देऊं नये, जें पुढें येईल त्यास 'वा, छान!' म्हणावें. पहिल्या पक्षाचा अंमल एके काळीं सर्व शाळांवर होता, आणि पुष्कळ ठिकाणीं अद्याप आहे. दुसऱ्याचा हल्लीं घरांवर आहे. हे परस्परांचे हाडवैरी आहेत अशी सर्वसाधारण समजूत दिसते. आमचें म्हणणें असें कीं, ते सख्खे भाऊ आहेत. कारण मुलानें काय लिहिलें आहे तें न वाचतांच अभिप्राय देण्याची कला दोघांसहि सारखीच अवगत आहे.

कौतुकपक्षाचा समाचार आधीं घेऊं, कारण आज वारा त्याच्या बाजूचा आहे. गणेशोत्सवांतील एखाद्या चित्रकला-स्पर्धेस जाऊन पाहावें. मुलें सतरंजीवर ओळीनें बसलेलीं असतात, आणि प्रत्येकाच्या कागदावर तेच दोन त्रिकोणी डोंगर, मध्यें अर्धा सूर्य, खालीं वळणावळणाची नदी, एक झोंपडी आणि नारळाचें झाड. कोंकणांतल्या मुलानें तें काढलें तर एक वेळ चालेल. परंतु सोलापुराकडच्या सपाट माळावर वाढलेला मुलगाहि तेच डोंगर काढतो, कारण त्या डोंगरांना हमखास शाबासकी मिळते हें त्यास ठाऊक झालेलें असतें. शेवटीं भाग घेणाऱ्या सर्वांस प्रशस्तिपत्र मिळतें. चित्राचा फोटो नात्यागोत्यांतील मंडळींच्या मोबाइलवर जातो, आणि तो नीट उघडण्यापूर्वींच टाळ्यांचीं चित्रें उमटूं लागतात. यांत वाईट हेतु कोणाचाच नसतो. पण मुलाच्या पदरांत काय पडलें? आपलें चित्र लोकांस आवडलें एवढें त्यास कळलें. त्यांतलें काय आवडलें हें कोणीं सांगितलें नाहीं, कारण कोणीं पाहिलेंच नव्हतें.

अशा बक्षिसांचा परिणाम काय होतो याची परीक्षा अमेरिकेंत झालेली आहे. लेपर, ग्रीन व निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनीं स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेंत केलेला एक प्रयोग १९७३ सालीं प्रसिद्ध झाला. चित्रें काढण्याची मुळांतच आवड असलेलीं तीन ते पांच वर्षांचीं मुलें त्यांनीं निवडलीं. कांहींना आधींच सांगितलें कीं, चित्र काढल्यास सोनेरी चांदणी व फीत लावलेलें प्रशस्तिपत्र मिळेल. कांहींना तेंच प्रशस्तिपत्र पूर्वीं न सांगतां मागाहून दिलें. कांहींना कांहींच दिलें नाहीं. एकदोन आठवड्यांनीं तींच रंगीत पेनें वर्गांत सहज मांडून ठेविलीं. पहिल्या गटांतील मुलांनीं चित्रांत घालविलेला वेळ इतरांच्या जवळजवळ निम्मा भरला. अकस्मात् बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झालेली दिसली नाहीं. म्हणजे शाबासकी निर्दोष आहे. विष आहे तें सौद्यांत. ज्या खेळांत मूल आपण होऊन रमत होतें तो वडील माणसांनीं मजुरीवर लावला, आणि मजुरी थांबतांच तें घरीं गेलें. आपल्याकडे इंटरमीजिएट चित्रकला-परीक्षेंतील श्रेणीबद्दल दहावीच्या निकालांत वाढीव गुण मिळतात. दहावी संपल्यावर त्या रंगांच्या पेट्यांचें काय होतें हें ज्यानें त्यानें आपल्या घरच्या माळ्यावर चढून पाहावें.

हें ऐकून कठोरपक्षीय मंडळी माना डोलावतील, म्हणून त्यांच्याकडे वळणें प्राप्त आहे. त्यांचा आवडता दाखला कीट्सचा. 'एंडिमियन' हें काव्य १८१८ सालीं निघालें तेव्हां ब्लॅकवुडच्या मासिकानें त्या बावीस वर्षांच्या कवीस, कविता सोडून औषधांच्या दुकानांत परत जा, असें बजाविलें, 'क्वार्टर्ली'नेंहि झोडपलें, आणि पुढच्याच वर्षीं त्यानें आपलीं प्रसिद्ध ओड-काव्यें लिहिलीं. झालें! घणाखालींच लोखंड घडतें, असा सिद्धान्त निघाला. (टीकेनें तो मेला असें म्हणणारेहि आहेत, तो १८२१ सालीं मेला तो क्षयानें.) या मंडळींनीं कीट्सच्या चरित्राचीं आधींचीं पानें मात्र उलटलेलीं नसतात. एन्फील्डच्या शाळेंतील हेडमास्तरांचा मुलगा चार्ल्स काउडेन क्लार्क हा त्याच्याहून सात-आठ वर्षांनीं मोठा. त्यानें पोरवयापासून कीट्सला पुस्तकें पुरविलीं, स्पेन्सरचें 'फेअरी क्वीन' त्याच्या हातीं दिलें, आणि त्यांतील देवमाशांस लावलेल्या एका विशेषणावर तो मुलगा कसा उचंबळून उठला हें पुढें कित्येक वर्षांनीं आठवणीनें लिहून ठेविलें. त्या वाचनांतूनच कीट्सची पहिली ज्ञात कविता निघाली. १८१६ सालीं ली हंटनें आपल्या 'एक्झॅमिनर' पत्रांत त्याची कविता छापली. सारांश, शिव्या खाण्यापूर्वीं त्याला वाचक मिळालेले होते. सातवींतल्या मुलीला एकच वाचक असतो, आणि त्याच्या हातांत लाल पेन असतें.

तशी एक वही आमच्या पाहण्यांत आली आहे. विषय नेहमींचाच, 'पावसाळ्यांतील पहिला दिवस'. मुलीनें लिहिलें होतें कीं, आभाळ भरून आलें तेव्हां आईनें घरांतलीं पातेलीं मोजलीं. छप्पर कोठें कोठें गळतें याचें वर्णन नव्हतें, रडगाणें तर नव्हतेंच; पातेलीं मोजलीं, एवढेंच. लेखनाची थोडी जाण असलेला कोणीहि मनुष्य या वाक्यापाशीं थांबेल. मास्तर थांबले ते 'पातेलीं' या शब्दाखालीं लाल रेघ ओढण्यापुरते. तिनें दीर्घाऐवजीं ऱ्हस्व लिहिलें होतें. खालीं शेरा होता: मोर, मातीचा सुगंध, इंद्रधनुष्य यांचा उल्लेख नाहीं, दहांपैकीं चार. पुढच्या निबंधांत मोर आला. तो पिसारा फुलवून नाचला, मृद्गंध दरवळला, सप्तरंगी कमान उभी राहिली, आणि दहांपैकीं आठ मिळाले. सगळें मार्गदर्शकांतून उतरलेलें होतें. एका मुलीनें आपल्या डोळ्यांनीं पाहिलेलें लिहिणें सोडून दिलें, आणि तसें केल्याबद्दल तिला चार गुण अधिक देण्यांत आले! कठोरपक्ष म्हणतो, आम्ही उगाच कौतुक करीत नाहीं. हें खोटें आहे. तो कौतुक करतो, पण उसन्या मोराचें करतो.

कौतुकपक्षाच्या हातून ही मुलगी वांचली असती असेंहि कोणीं समजूं नये. त्यानें पातेल्यांच्या निबंधावर हसऱ्या चेहऱ्याचा रबरी शिक्का मारला असता, आणि मोराच्या निबंधावरहि तोच. पातेल्यांत व मोरांत कांहीं अंतर आहे हें तिला त्याहि शाळेंत कळलें नसतें.

मग उत्तेजन म्हणावें तरी कशास? आपल्या वाङ्मयाच्या इतिहासांत याचें उत्तर आहे, पण आपण त्याचा सोयीचा अर्धाच भाग सांगत असतों. जळगांवास १९०७ सालीं भरलेल्या कविसंमेलनांत त्र्यंबक बापूजी ठोमरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनीं त्यास 'बालकवि' ही पदवी दिली, ही गोष्ट सर्वांच्या तोंडीं आहे. (पदवी अशी चिकटली कीं, १९१८ सालीं सत्तावीस वर्षांचा होऊन गेलेला हा कवि शंभरांहून अधिक वर्षें बालच राहिला आहे.) ती दाद खरी होती, कविता ऐकून दिलेली होती. पण सभा उठते आणि माणसें आपापल्या गांवीं जातात. रेव्हरंड ना. वा. टिळकांनीं त्या मुलाला आपल्या घरीं ठेवून घेतलें, ही उरलेली अर्धी गोष्ट. त्याच्या त्या वास्तव्याच्या आठवणी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त वाचावयास मिळतात. पदवी देणें एका दुपारचें काम होतें. जें लिहिलें तें दुसऱ्या कवीस रोज ऐकवावयास मिळणें, हें त्या घरानें दिलें.

घर देणें आपणां सर्वांस शक्य नाहीं. कान देणें शक्य आहे. मुलानें वही पुढें केली तर तींतील एक वाक्य निवडावें, आणि तेंच कां निवडलें हें सांगावें. पातेल्यांच्या त्या वाक्याखालीं 'किती होतीं?' एवढा प्रश्न लिहिला असता तरी पुरे होता. पुढच्या निबंधांत मोराला जागा उरली नसती. शुद्धलेखन सुधारावें, अवश्य सुधारावें. पण दुसऱ्या वाचनांत, आणि पेन्सिलीनें. चित्र पाहून 'हें काय काढलेंस?' असें विचारण्यापेक्षां 'हा कोपरा रिकामा कां ठेवलास?' असें विचारावें, म्हणजे आपण तो कोपरा पाहिला हें त्यास कळतें. आणि कविता वाचून मन जराहि हललें नसेल तर 'छान' म्हणूं नये. मुलांना खोटी स्तुति ओळखतां येत नाहीं असें ज्यांना वाटतें ते आपलें बालपण अगदींच विसरलेले दिसतात.

यावर शिक्षकांचें उत्तर ठरलेलें आहे, आणि तें खोटें नाहीं: वर्गांत साठ मुलें, एका निबंधाच्या साठ वह्या, शिवाय निवडणुकींचीं व जनगणनेचीं कामें. अमळनेरच्या छात्रालयांतील मुलांसाठीं साने गुरुजी स्वहस्तें दैनिक लिहून काढीत. पण प्रत्येक शिक्षकानें साने गुरुजी व्हावें असा आग्रह धरणें हा शुद्ध जुलूम होईल. आमची मागणी त्याहून पुष्कळ लहान आहे. साठांपैकीं दर खेपेस दहाच वह्या खऱ्याखुऱ्या वाचाव्या, प्रत्येकींत एका वाक्याविषयीं एक ओळ लिहावी, आणि उरलेल्या पन्नासांवर नुसती सही करावी. सहा निबंधांत वर्गाची फेरी पुरी होते. नुसती सही पाहून मुलाला एवढें तरी कळेल कीं, आपली वही अजून वाचावयाची राहिली आहे.